चार फेब्रुवारी, जयगड

कोळशाची ती बोट अकरा दिवस बाहेर नांगरून होती.
पगार येईना, एजंट फोन उचलीना.
तिच्यावरचा खानसामा, उपुल त्याचं नाव,
पाण्याच्या होडीतून उतरला
तो थेट माझ्या खानावळीच्या मागच्या दाराशी.

मोडक्या हिंदीत म्हणाला, दोन नारळ द्या,
वाटीभर तांदूळ, आणि तासभर चूल.
आज आमचा पंधरा ऑगस्ट.

मी कॅलेंडर पाहिलं. चार तारखेवर
गॅस संपल्याची माझी फुली, बाकी काही नाही.

खवणीवर बसला पाय दुमडून, सवयीचा.
दाट रस वेगळा ठेवला, पातळात तांदूळ शिजवले.
मी म्हटलं, गूळ? तो म्हणाला, मीठ.
त्यावरून थोडं भांडलोही.

ढवळता ढवळता सांगत होता:
तिकडे बायको पहाटे तीनपासून गॅसच्या रांगेत.
माणसं दमली की सिलिंडर उभे राहतात,
एकमेकांना साखळीनं बांधलेले.
आज परेड असेल. परेडला डिझेल मिळतं.

तुमचाही रुपयाच ना? मी विचारलं.
रुपयाच, तो हसला. नाव तेवढं तेच ठेवलंय.

भात ताटात थापला, केळीच्या पानानं गुळगुळीत केला,
शंकरपाळ्यांसारखे तिरके काप पाडले.
मग हात धुतले, शर्टाची वरची गुंडी लावली
आणि दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिला,
म्हणजे माझ्या मोरीकडे.
ओठ हलत होते.

मला कळेना, बसून राहावं की उठावं
दुसऱ्यांच्या झेंड्याला, तोही समोर नसताना.
हातात डाव होता. तशीच उठले.
बाहेरून मुकादम ओरडला, मावशी, सोलकढी!
त्याला थांब म्हणायलाही तोंड उघडलं नाही.

पहिला काप त्यानं मला दिला.
फिका. गिळल्यावर मागून नारळ आला.

जाताना त्यांची शंभराची नोट काढली,
टेबलावर बोटांनी इतकी सपाट केली
की नको म्हणवेना.
सोसायटीतल्या शिरधनकरांनी उलटून पालटून पाहिली,
म्हणाले, असू दे आठवण.
मिठाच्या बरणीखाली आहे. कडेनं ओलसर झालीय.

दुसऱ्या दिवशी मुकादम विचारत होता,
ती पांढरी वडी आहे का गं आज?
नाही म्हटलं.
ती कालची होती.