मागचं दार

आवडतं हॉटेल कुठलं, ते मला विचारू नका.
एकतीस वर्षं सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला
मी मक्याचं ओलं पीठ पोचवलं,
चुन्याच्या पाण्यात रात्रभर भिजलेला मका,
पहाटे तीनला दळलेला,
पन्नास पौंडांच्या पिशव्यांतून अजून कोमट.
आणि पोचवलं ते मागच्या दाराने.

त्यामुळे मला ठाऊक ते एवढंच:
'ला पालोमिता'ला तीन पायऱ्या, मधली हलते.
निकानोर मिरच्यांच्या वाफेतून बाहेर यायचा,
चष्मा कपाळावर सारून पावतीवर सही करायचा,
दर वेळी वेगळी.
त्रेविन्यो बंधूंकडे कुत्रं.
मांसाच्या दुकानात वाढलेलं, पण त्याला पीठच हवं.
एका भावाला पिशव्या उजवीकडे लागायच्या, दुसऱ्याला डावीकडे.
मी मध्ये ठेवून निघायचो.

आणि दोन्या चोलेचं.
तिथं दार ठोठवायच्या आधीच जिऱ्याचा वास गल्लीत येऊन उभा असायचा.
चरबीत मैदा परतायचा, त्यात लाल तिखट, त्यात जिरं,
मग पुन्हा जिरं.
माँतेरेहून नवीन आलेली पोरं हसायची,
आमच्याकडे एवढं जिरं कुणी घालत नाही, बाई.
आणि हे पिवळं चीज? हे तर कुणीच नाही.
चोलेबाई झारा न थांबवता म्हणायची,
मग पगार पण तिकडूनच घ्या.

गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, आता पुरे.
मे महिन्यात गाडीची किल्ली दिली
ओर्तेन्सियाच्या धाकट्याला, वेस्लाओला,
आणि एका गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून
चोलेबाईच्या पुढच्या दारी गेलो.
काचेचं दार. 'उघडे आहे' अशी पाटी.
तरी मी टकटक केली.

आत थंडगार. लाल रेक्झिनची बाकं,
कापलेल्या कागदाची तोरणं, उन्हानं विटलेली,
भिंतीवर हरणाचं डोकं, त्याला कुणीतरी टाय बांधलेला.
गल्ल्याशेजारी अक्रोडाच्या वड्या.
काउंटरवरची मुलगी नवी. तिनं मला ओळखलं नाही.
मेन्यू हातात दिला आणि मी वाचत बसलो.
'नंबर सात!' असा ओरडा
मी भिंतीपलीकडून हजारदा ऐकला होता.
नंबर सात म्हणजे काय, ते आता कळलं:
दोन एंचिलाडा, एक फुगलेला टाको, भात, घोटलेल्या राजम्याचा लगदा.
मुलगी म्हणाली, ताट तापलेलं आहे, हात लावू नका.
मी लावला. सगळेच लावतात.

टाको मोडला. कड कुरकुरली, पोट पुरीसारखं बसलं.
पहिल्याच घासाला कळलं,
वेस्लाओनं गाडी उन्हात उभी केली होती.
पीठ किंचित आंबलेलं.
दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.
शेजारच्या टेबलावरचा प्लंबर बोटं चाटत होता,
एक बाई बाळाला टॉर्टियाचा तुकडा चघळायला देत होती.
मी गप्प जेवलो.
उद्या पोराला सांगायचं: सावली चर्चच्या मागे,
साडेदहापर्यंत.

रस्सा मात्र...
तो मी एकतीस वर्षं फक्त हुंगला होता.
नाकाला वाटलं होतं, बरंचसं ठाऊक आहे आपल्याला.
नाकाला काय कळतंय.
ताट पुसून खाल्लं, मग चमचाही पुसला.

बिल आलं. मी ते उलट तिच्यापुढे धरलं, सहीसाठी.
ती गोंधळली. म्हणाली, नाही हो, सही तुम्ही करायची.

मग केली. ओळीवर नाव, फिदेन्सियो,
आणि सवयीनं खाली लिहिलं:
माल मिळाला.
पिशवी एकही फुटलेली नाही.