शेवटची सोळा पानं

बस, शिवतेज. पाय त्या स्टुलावर घे.
गुडघा बांधलाय, दीड महिना माती नाही,
वस्ताद तालमीच्या पायरीवरूनच हाकलतात,
म्हणून आलास. असू दे.
लोक याहून वाईट कारणांनी आलेत माझ्याकडे.

हे कपाट उद्यमनगरातलं, भंगारात निघालेलं.
लेथवर होतो तेव्हा यात ड्रिल आणि कानशी असायच्या.
वरच्या खणाला अजून ऑइलचा वास येतो,
म्हणून तिथे प्रवासवर्णनं लावली.
पुस्तकं कधी मोजली नाहीत.
हौसा म्हणायची, चारशे बारा.
धूळ ती पुसायची, तिला ठाऊक.

काय वाचू, विचारतोस.
जाडजूड धरू नको पहिल्यांदा.
जोर काढायची सवय आहे तुला,
पण इथे दम लागतो तो कळत नाही.
ते हिरवं दिलं असतं, दोन भावांचं आणि एका विहिरीचं,
पण ते हिंदुराव कंडक्टरांकडे आहे
नऊ वर्षं.
रंकाळ्यावर दिसतात कधी,
मला बघून कणसाच्या गाडीआड होतात.
मी हाक मारत नाही.
वाचत असतील.

हे कवितांचं. रोज एकच,
बाम लावतात तसं. फार चोळायचं नाही.
हे नको. हे शहाण्या माणसानं लिहिलंय
आणि त्याला ते माहीत आहे.

हे घे. फुगलंय, दिसतंय मला.
पंचगंगा कुंभार गल्लीत आली त्या साली
खालचा खण पाच दिवस पाण्यात होता.
हौसानं एकेक पान तव्यावर शेकलं, मंद आचेवर,
काही पानांना भाकरीसारखा पापुद्रा सुटला.
शेवटची सोळा गेलीच.
दोनशे चोवीसव्या पानावर ती बाई कोर्टात उभी राहते,
वकील विचारतो,
त्या रात्री दार कुणी उघडलं?
आणि मग पुठ्ठा.

दुसरी प्रत मिळाली होती, शाहूपुरीत, रद्दीत, वीस रुपयांना.
हातात घेतली, वजन बघितलं, ठेवून दिली.
कारण तोवर लोक पुठ्ठ्याच्या आत लिहायला लागले होते.
गुळाच्या अडतीतले दिवाणजी : सासऱ्यानं.
सीपीआरमधली एक नर्स : दार उघडंच होतं.
सातवीतला कुणीतरी : वाऱ्यानं, आणि खाली सही, झोकदार.
कोपऱ्यात पेन्सिलीनं आहे ते हौसाचं,
सलाईन लावलेल्या हाताचं, म्हणून तिरकं.
काय लिहिलंय ते आत्ता वाचू नको,
पान दोनशे चोवीसपर्यंत जा आधी.
पुसट होत चाललंय.
मी गिरवत नाही.

पिशवीत घाल, बाहेर भुरभुर आहे.
परतीची तारीख मी लिहीत नसतो.
फक्त त्या कंडक्टरासारखं करू नको, लेका.
वाचून झालं नसलं तरी
दिसलास की हाक मार.