अक्षरी

सीनेचं पाणी उतरलं तेव्हा
वर्गातल्या मुळाक्षरांच्या तक्त्यावर
खालून ट-ठ-ड पर्यंत गाळ होता.
वरचे क-ख-ग कोरडे.

मी शाळेची खिचडीवाली.
एरवी एकशे दहा पोरांची, आता सहाशे माणसांची.
चौथीच्या वर्गात वरची आळी,
सातवीच्या वर्गात मेंढरंवाले, मेंढरं नसलेले.

मदतीच्या टेम्पोतून तांदूळ यायचा, तूरडाळ, मेणबत्त्या,
आणि हळद, शंभर शंभर ग्रॅमची.
शनिवारी कोठीत मोजदाद केली:
हळदीच्या नऊ पुड्या कमी.
तिखट होतं, मीठ होतं, साखरसुद्धा जागेवर.
साखर सोडून हळद कोणी चोरत नाही.
हे मला कोणी शिकवलेलं नाही.

सातवीच्या वर्गात गेले.
बिरू शेंडग्याची बायको फळ्याकडे तोंड करून बसलेली,
नखं पिवळी.
तनुजा भर दुपारी बाकाखाली झोपलेली.

बिरू म्हणाला, "सत्तेचाळीस मेंढरं गेली, काकू.
रात्री एका खोलीत चाळीस माणसं,
संडासाला कडी नाही.
इंदापूरकडची माणसं हायेत, वीटभट्टी हाय त्यांची.
पोरगी अन् नारळ, दुसरं काय मागत न्हाईत.
आन् वय? दाखला गेला वाहून, आधार गेलं वाहून.
आता म्हणू तेवढं वय."

माझ्या तोंडात एकदम
बहात्तरची सुकडी आली.
खडीच्या कामावर मुकादम माझ्या बापाला म्हणाला होता,
एक तोंड कमी कर.
ते तोंड मी.
माझ्या आधारवर माझा जन्म एक जानेवारीचा.
आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा एक जानेवारीचा,
जणू एकाच रात्री सरकार बाळंत झालं.

घोडके बाईंनी छातीभर पाण्यातून
जनरल रजिस्टर डोक्यावर काढलं होतं.
संगणक सोडला, स्वतःची स्कूटी सोडली.
लोक हसले होते.
ते माझ्या चुलीमागे वाळत होतं,
पानापानात जुने पेपर घालून.

मला अक्षरं जोडायला वेळ लागतो.
तनुजालाच कांदे चिरायला बोलावलं,
म्हटलं, शोध तुझं नाव.
आकड्यांची शाई पसरलेली, नुसता निळा डाग.
पण शेजारच्या रकान्यात, 'अक्षरी' म्हणून,
कुण्या गुरुजीनं पेन दाबून लिहिलेलं:
अठ्ठावीस ऑगस्ट दोन हजार दहा.
तिनं वाचलं. बोट ठेवून पुन्हा वाचलं.
"म्हणजे पंधराच ना, काकू?"
पंधराच.

दहा-नऊ-आठ वर फोन मी नाही केला, खोटं का बोलू.
बाईंनी केला. ग्रामसेवक चिखल तुडवत आले.
मी फक्त हळद मोजली होती.
इंदापूरची जीप आली
आणि नारळ न उतरवता वळली.
बिरू माझ्याशी चार दिवस बोलला नाही,
जेवायला मात्र आला.

त्याचं काय चुकीचं होतं?
कडी नव्हतीच.
मोडनिंबहून आणवली, संडासाला आतून ठोकली.
मेंढरांच्या पंचनाम्याला बाई स्वतः बसल्या.
तलाठी म्हणाला, मेलेली दाखवा.
वाहून गेलेलं कसं दाखवतात,
ते अजून चाललंय.

तनुजा रात्री कोठीत माझ्याशेजारी झोपते,
किल्ली तिच्या उशाखाली.
पुढच्या उन्हाळ्याचं मला माहीत नाही.
तीन वर्षं म्हणजे किती पातेली,
हिशोब लागत नाही.

काल म्हणाली, तुमची तारीख सांगा, मी लिहिते.
म्हटलं, लिही:
मटकी उपटायच्या दिवसांत, बुधवारी,
आई शेतातनं परत आली तेव्हा.
"आणि साल?"
तिनं पेन तसंच धरून ठेवलं.
तोवर डाळ खाली लागली.