रकाना

विमानतळावरच्या शिक्क्यात सहा महिने होते,
त्यातले एकोणीस दिवस उरलेत.

वकीलबाई विचारतात,
देशात आली तेव्हा हिचा हेतू काय होता?
मी मिलाग्रोसकडे बघते. नऊ वर्षांची.
"बर्फ बघायचा होता," ती म्हणते,
"आणि मावशीचं मांजर."
बाईंचं पेन थांबतं.
हे लिहिता येत नाही,
किंवा एवढंच लिहिता येतं.

अर्जावर नात्याचे तीन रकाने :
पोटची, सावत्र, दत्तक.
भाची कुठेच बसत नाही.
घरी मात्र बसते, रेडिएटरला पाठ टेकून,
माझ्या जुन्या स्वेटरात गुडघे ओढून घेऊन.

आरेकिपाहून ओफेलियाचा कागद आला.
सही करण्याआधी तिने तो पुष्कळदा उघडला-मिटला असणार,
घडीवरची अक्षरं पुसट झालीत.
'मी माझा हक्क स्वखुशीने सोडत आहे.'
खाली नोटरीचा निळा ठसा.
फोनवर म्हणाली, तिला दूध गरम लागतं,
साय काढून.
आणखी काही नाही म्हणाली.

रात्री पॅटर्सनचा धबधबा
बंद खिडकीतूनही ऐकू येतो.
अंधारात मिलाग्रोस हिशेब घालत असते :
तू आई झालीस,
तर आई माझी कोण?

उत्तर मला येतं.
एकाच शब्दाचं आहे,
आजवर ते माझं होतं.

मी उठून दूध तापवते, साय काढते.
फ्रिजवर चुंबकाखाली परतीचं तिकीट
अजून तसंच आहे.