पाणसळ

चाक्वीच्या टेकडीवर पाऊस येत नाही,
तो इथेच राहतो.
मधूनच काळ्या समुद्रावर फेरफटका मारून येतो, एवढंच.

बाबा गेले त्या साली पत्रा नवा होता.
आता पन्हळीत शेवाळ, हेझलची कुजकी पानं,
एका कोपऱ्यात सांधा उकललेला,
तिथून धार थेट घराच्या पायावर.
मागच्या खोलीत भिंतीला फोड येतात.
आई त्यांच्यापुढे कपाट सरकवते.
तीन वर्षांत कपाट तीनदा सरकलं.

मी त्राब्झोनहून आले,
परक्यांच्या फरश्या पुसून साठवलेल्या पैशांत
चाळीस मीटर भोकांचा पाइप, अर्धा ट्रक खडी.
कुदळ बाबांचीच. दांडा तेवढा नवा.

आई म्हणाली, खण,
पण आन्झोरच्या कुंपणाकडे नको.
का, ते विचारलं तर
ती मक्याचं पीठ चाळत राहिली.

गुडघाभर चर. लाल माती, चिवट,
घेतलेलं पातं परत देत नाही.
दुसऱ्या दिवशी दुपारी, कुंपणाच्या अगदी खाली,
खण्ण.
खापराचे नळ, एकापुढे एक,
सांध्यांवरच्या सिमेंटात बाबांचा अंगठा
जसाच्या तसा.
नळांचं तोंड आन्झोरच्या तळघराकडे.

म्हणजे पाणी इथे मुरत होतं.
एकोणीस वर्षं.
वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
खरंय.
ते दुसऱ्या कुणाच्या घरात जातं.

नव्या वर्षाचं पहिलं पाऊल
आमच्या उंबऱ्यात आन्झोरचं असायचं, खिशात गोळ्या घेऊन.
मी नऊ वर्षांची असताना तो यायचा थांबला.
मला वाटायचं, गोळ्या संपल्या.

उतार काढायला पाण्याने भरलेली नळी लागते,
आणि दोन माणसं.
मी एक टोक खुंटीला बांधून दुसऱ्याकडे धावायची,
तोवर खुंटीवरचं पाणी सांडायचं.
चार वेळा.
पाचव्या वेळी खुंटीपाशी आन्झोर उभा,
ओठात विझलेली सिगारेट,
नळीचं टोक छातीशी धरून.

"किती?"
"तेवीस."
"माझ्याकडे एकोणतीस."
मग बराच वेळ नुसतं पाणी बोललं:
वर, खाली, थरथर,
आणि दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबलं.
"सहा बोटं," तो म्हणाला,
"माझं घर सहा बोटं खाली आहे, नातेला.
तुझ्या बाबाला हे ठाऊक होतं."

मी मान हलवली. एवढंच जमलं.
नळ फोडू का, विचारलं.
"नको. नीट काढ. कोबीच्या वाफ्याला होतील."
त्याने स्वतःच्या घेवड्याच्या दोन ओळी उपटल्या
आणि चर ओढ्याकडे वळवला.

रात्री तो राहणारा पाऊस घरी आला.
खडीखालून पाइप गुणगुणला, मग घोगरा झाला,
मग ओढ्याने त्याला उचलून घेतलं.
आन्झोर कंदील घेऊन तळघरात उतरलेला दिसला.
बऱ्याच वेळाने वर आला, कंदील मालवला.
काही बोलला नाही.

पन्हळीचा कोपरा अजून गळतो. ते उद्या.
आईने कपाट भिंतीपासून ओढलं,
हातभर.
म्हणाली, वारा लागू दे.