खरेनऽ?

शेवटचा खेळ सुटला की खडेबाजारच्या तोंडाला
गंगव्वाची चहाची गाडी तेवढी जागी असते
आणि तिच्याभोवती आम्ही,
गुप्तहेरांचे बिनफीचे वकील.

त्या एका हेराचे आजवर तीन नट झाले.
नाव तेच, तोंडं तीन.
(पाटीवर एक नाव आणि जिभेवर दुसरं
अशा गावात राहणाऱ्यांना त्याचं काय नवल.)
मोनाप्पा पहिल्याचा माणूस.
"तो नुस्ती काडी ओढायचा बघ.
समोरच्याला कळायचं, आपण मेलोय."
दस्तगीर दुसऱ्याचा. "पळायचा कसा गा तो!
कोट उडायचा, भांग मोडायचा न्हाई."
"तेच की. भांग मोडत न्हाई म्हणजे खोटं."
मला तिसरा आवडतो. तो मार चांगला खातो.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आज भांडण पुलावरच्या उडीवरून.
मोटारसायकल, खाली धावती मालगाडी, मध्ये ही एवढी दरी,
आणि पठ्ठ्या डब्यावर उतरून टाय सारखा करतो.
मोनाप्पा उद्यमबागेत फौंड्रीत ओतारी,
लोखंड कुठं पडतं ते त्याला विचारावं.
बशीत चहा ओतला, तिला दरी म्हणाला,
बिस्किटाला मोटारसायकल.
"एवढं वजन, एवढा वेग. हितंच पडायला पाहिजे."
पडलं. विरघळलं.
"बघ. मेला तुझा हेर."
"तुझं बिस्कीटच मऊ," दस्तगीर म्हणाला.
"काय सांगूलैस गा, कारखान्यातलं ताजं हाय!"
गंगव्वानं बिस्किटाचे पैसे वेगळे लावले.

तेव्हा सातेरी बोलला.
सातेरी बोलत नाही. डेपोत रात्रीचा वॉचमन,
शिफ्टच्या आधी येतो, अर्धा चहा पितो,
उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली.
"गोकाकला शूटिंग आलतं," म्हणाला,
"पाठीकडनं मी हिरोच्या मापाचा होतो.
त्याचा कोट घातला. बगलेत काचत होता.
झुलत्या पुलावरनं घटप्रभेत मारली उडी."

आम्ही गप्प. स्टोव्ह तेवढा फुरफुरत होता.

"मग?"
"मग काय. वर आलो तर डायरेक्टर म्हणला, जमलं न्हाई.
माणूस असा पडत न्हाई म्हणला.
हात वेडेवाकडे झाले, तोंड उघडं राहिलं,
खोटं दिसूलाय म्हणला.
कोट पिळून काढून घेतला माझा.
कडब्याचा एक बाहुला केलता, त्याला घातला,
आणि ढकलला."
अर्धा चहा संपला होता, तरी कप तोंडाला लावला त्यानं.
"बेळगावात पिच्चर लागला तेव्हा गेलतो बघायला.
कडबा पडला आणि बाल्कनीनं शिट्ट्या मारल्या.
मी पण मारली."

"खरेनऽ?" गंगव्वानं विचारलं,
कानडीत.
"खरं," सातेरी म्हणाला, मराठीत.
एकच शब्द, इकडून तिकडे गेला,
कुणी कागद मागितले नाहीत.

त्यानंतर वाद पुढे सरकेना.
दस्तगीरनं दुसऱ्याच्या पळण्याचा विषय पुन्हा काढून पाहिला,
तो चालला नाही.
सातेरीनं टॉर्च पेटतो का बघितलं, स्वतःच्याच तळव्यावर,
आणि डेपोकडे गेला.

मी आणि मोनाप्पा सायकली घेऊन टिळकवाडीकडे.
रेल्वेचं गेट पडलेलं. गाडीचा पत्ता नाही.
मोनाप्पा थांबला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
सायकल आडवी करून दांड्याखालून सरकवली,
मग स्वतः वाकला,
टोपी अडकली, गुडघा खडीवर घासला,
तोंड उघडं राहिलं,
हात वेडेवाकडे.
पलीकडे उभा राहून शर्टाची कॉलर सारखी केली त्यानं
आणि मला विचारलं,
"बघितलंस?"