बारा मीटर

गणपत गल्लीत दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं.
तेवढ्यात आम्ही समुद्राचं बघतो.
बिलबुकाच्या कोऱ्या पाठीवर
गौरव्वा हुक्केरी कन्नडात आकडे मांडते, मी मराठीत.
बेरीज दोघींची वेगळी येते,
मग मरूंदे म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

एर्नाकुलमची गाडी आठवड्यातून एकदा.
पुढे बोट.
परवान्याला पोलिसांचा दाखला लागतो.
ठाण्यातल्या पोराने विचारलं, काकू, तुमच्यावर केस कुठली?
म्हटलं, छप्पन्न वर्षांत एकही नाही,
म्हणून तर निघालेय.
फॉर्मवर एक रकाना: मूळ गाव.
तिथे आमच्याकडे सगळ्यांचंच पेन जरा थांबतं.
मी बेळगाव लिहिलं, तिने बेळगावी.
शिक्का एकच बसला.

नकाशात ते बेट म्हणजे निळ्यावर पडलेली फिकट बांगडी,
एका जागी टवका उडालेला.
भाचा म्हणाला, मावशी, ह्याला कंकणद्वीप म्हणतात.
मी डोळ्यांनी माप घेतलं. सवयच ती.

पोवळी मी चाळीस वर्षं विकली.
मंगळासाठी, सरात, अंगठीत;
खरी थोडी, काचेची जास्त, अलीकडे प्लास्टिकची.
जिवंत असताना कसं दिसतं, कोणी विचारलं नाही.
मला माहीत नाही हे मीही सांगितलं नाही.
आता बघायचंय.
हात लावायचा नाही, असा नियम आहे म्हणे.
बरोबर आहे. दुकानात मीही तेच सांगते.

सराव सुळेभावीला, तिच्या भावाच्या विहिरीत.
मी पोहायला शिकले ते पाठीला सुका भोपळा बांधून,
आता टाकी बांधायची.
पायरीला धरून नाक दाबायचं, कानातून फुंकर काढायची.
तिचा दम माझ्याहून अकरा सेकंद मोठा.
वरून भावजय ओरडते, पंप चालू करायचाय, बाहेर या.

भाचा उद्यमबागेत, फाउंड्रीत.
तो सांगतो, टाकीत ऑक्सिजन नसतो,
साधी हवाच असते, दाबून भरलेली.
म्हणजे ह्या गल्लीतल्यासारखी? भज्यांची, उदबत्तीची, रिक्षाच्या धुराची?
तीच, म्हणाला. गाळून.

बारा मीटर खाली बोलता येत नाही. खुणा असतात.
अंगठा वर म्हणजे झकास नव्हे, वर चल.
सगळं ठीक असेल तर बोटांचं कडं.
तिचं ब्लाउजपीसचं दुकान माझ्या समोर,
आम्ही रस्ता मधे ठेवून घोकतो.
परवा पाट्यांच्या भाषेवरून मोर्चा आला,
शटरं अर्धी खाली, घोषणा, काठ्या.
फटीतून तिचा हात दिसला. बोटांचं कडं.
मीही केलं.

राहिलं एक. शेवटच्या पानावर लिहिलंय,
अंगावर दागिना नको, काच तर नकोच.
गौरव्वाचा हात बत्तीस वर्षांत मोकळा झालेला नाही.
नव्या भरताना जुनी एक ठेवायची,
मीच भरत आलेय.
आज साबण लावला, अंगठ्याखालचा जोड दाबला.
फुटली तर 'वाढली' म्हणायचं,
शब्द तोंडात तयार ठेवला होता.
एकही वाढली नाही.

मनगटावर उरलेला गोरा पट्टा
तिने माझ्या मनगटाशेजारी धरून बघितला.
माझी तेवढी तयारी नऊ वर्षांपूर्वीच झालेली.
हेदरब्याड, म्हणाली.
मला की स्वतःला, कळलं नाही.

बांगड्या दोऱ्यात ओवून
तिच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवल्या.
माप दोन-सहा.
परत आल्यावर चढतील की नाही, बघू.
खाऱ्या पाण्याने हात फुगतात म्हणे.